एक हात खाली

तुम्ही खोटं बोललात. शर्यतीच्या दिवशी, पांढऱ्या मांडवाच्या सावलीत, हातात चहाचा कप धरून, सगळ्यांच्या देखत खोटं बोललात. आधी म्हणालात, हा माणूस मोटारीत मावत नाही. तो मावला, तर म्हणालात, जास्तच मावला. तुमचं नाव घ्यायची गरज नाही. क्लबच्या अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेल्याला आपण कोण ते चांगलं ठाऊक असतं. तुम्हाला वाटलं असेल, कळंबची बाई, वाफ्यातल्या चिखलात पाय घालून उभी राहणारी, तिला काय कळतंय मोटारीतलं. मोटारीतलं तिला नव्हतंच कळत. पण माणसाला कुठं बसवतात आणि कुठून उठवतात, हे तिला तुमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

त्या बाईचा, मोतीबाईचा, नवरा चांगो हा कळंबातला सगळ्यात उंच माणूस. स्वतःच्या घरात तो कधी सरळ शिरला नाही, वाकूनच शिरला. पोरं त्याला तारेचा खांब म्हणायची. लग्नात अंतरपाट धरला तेव्हा नवरदेवाचं आख्खं तोंड अंतरपाटाच्या वरून दिसत होतं, आणि मोतीबाईचा मामा ओरडला होता, "अरं, खाली बसवा रं त्याला! आत्ताच बघतोय नवरीला!" मंडप हसून लोळला. चांगो गुडघ्यांवर बसला तेव्हा कुठं मंगलाष्टकं सुरू झाली.

हा चांगो सोलीशेठकडं ड्रायव्हर होता. सोलीशेठ मुंबईचा पारशी, कळंबला त्याची आंब्याची बाग. बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याची एक लाल मोटार होती, विलायती, दोनच माणसांची, वर छप्पर नाही, बोनेट लांबलचक. दरवर्षी भाताची झोडणी उरकली की मुंबईचा एक क्लब खोपोलीच्या वरच्या अंगाला, आता कुणी वापरत नसलेल्या जुन्या घाटरस्त्यावर मोटारींची शर्यत लावायचा. एकेक मोटार सोडायची, घाट कोण लवकर चढतं ते घड्याळात बघायचं. शेठचा गुडघा शाबूत होता तोवर मोटार तो स्वतः पळवायचा. गुडघा गेला तसा क्लबातल्या कुणाकुणाचा मुलगा त्या मोटारीत बसू लागला.

आणि चांगो? चांगो वर्षभर ती मोटार राखायचा. शर्यतीला कळंबहून खोपोलीपर्यंत तोच आणायचा. त्याचं डोकं काचेच्या वर यायचं, वारा थेट तोंडावर, दातांत चिलटं. खडूची रेघ मारलेली असायची तिथं मोटार उभी करायची, खाली उतरायचं आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची. एका वर्षी एका पोरसवदा साहेबानं किल्ली घेता घेता म्हटलं होतं, "सीट पुसली का नीट?" चांगोनं खांद्यावरच्या पंच्यानं सीट पुसून दिली होती. ते त्यानं घरी येऊन सांगितलं नाही. बरोबर गेलेल्या चुलतभावानं, गजानं, सांगितलं. मोतीबाईनं त्या रात्री तो पंचा चुलीत घातला.

अडुसष्ट साली सोलीशेठ म्हणाला, "चांगो, ह्या वेळी गाडी तू चालवायची. तुझं नाव लिहून दिलं मी."

चांगोनं नुसती मान हलवली. घरी आला, जेवला, आणि हात धुवायचा सोडून उष्ट्या हातानंच ताटावर वळणं काढत बसला. मोतीबाई बघत होती. ह्याच्या मनात आता घाट चालू झालाय, हे तिनं ओळखलं. हा घाट ह्या माणसाला चढायला मिळालाच पाहिजे, एवढं तिनं तिथंच ठरवलं. देवाला नवस बोलली नाही. देवाचा काय संबंध?

मग तुमच्या क्लबचा तपासणीचा साहेब बागेत आला. त्या साली नवा नियम निघाला होता: ड्रायव्हरच्या पाठीमागं लोखंडी कमान पाहिजे, म्हणजे मोटार उलटली तर डोकं वाचेल. कमान क्लबच देणार, क्लबच बसवणार, वर शिक्का मारणार, तिला कुणी हात लावायचा नाही. कमान बसली. साहेब म्हणाला, बसा. चांगो शर्यतीचा टोप घालून बसला, तर टोप कमानीच्या वर चांगला वीतभर.

साहेब हसला. इंग्रजीत काहीतरी म्हणाला आणि शेठच्या पाठीवर थाप मारली. शेठचा चेहरा उतरला. मोतीबाई तिथंच कलमांना पाणी घालत होती. हातातली घागर खाली ठेवून ती पुढं आली.

"शेठ, काय म्हणतो साहेब?"

"म्हणतो, फार उंच आहे. त्याचा भाचा आहे, बरोब्बर मापाचा. त्याला बसव म्हणतो."

"आन आमचं मानूस?"

शेठनं साहेबाला विचारलं. साहेबानं हात हलवत काहीतरी सांगितलं. शेठ म्हणाला, "डोकं कमानीच्या एक हात खाली पाहिजे. तर चालेल."

"एक हात?" मोतीबाईनं थेट साहेबाकडं बघून विचारलं.

"हां हां, एक हात," साहेब मराठीत म्हणाला, आणि घड्याळ बघत आपल्या मोटारीत बसून निघून गेला.

आता आमच्याकडं हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. लुगडं त्याच हातानं मोजतात, विहिरीचा दोर त्याच हातानं मोजतात, मेलेल्याचा खड्डासुद्धा त्याच हातानं. मोतीबाईला शंका यायचं कारणच नव्हतं. तिनं चांगोचा हात धरून कमानीला लावला. कोपर वर, बोटं खाली. बोटं जिथं पोचली तिथं चांगोची छाती होती.

"मोते," चांगो म्हणाला, "वीतभर वर हाय, न हातभर खाली जायचंय. म्हंजे दीड हात. दीड हात खाली तर जमीन लागंल."

"मग जमिनीवर बसा. लग्नात नाय का बसलात?"

चौक गावाच्या फाट्यावर चांगोच्या चुलतभावाचं, गजाचं, ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. मोटार तिथं आली. गजानं सगळं ऐकून घेतलं, बिडी विझवली आणि म्हणाला, "दीड हात? वयनी, दादाचं पाय कापू का?"

"पाय मागनं. आधी गादी काप."

गादी काढली. आत जाड स्प्रिंगा होत्या, त्या गेल्या. वीतभर तिथंच वाचलं. सीट पुढंमागं सरकवायच्या पट्ट्या होत्या, त्या उपटल्या. तरी टोप कमानीला लागूनच. मग गजा मोटारीखाली शिरला, बराच वेळ नुसता खालूनच बोलत राहिला आणि तोंड काळं करून बाहेर आला.

"तळ कापाय लागंल. शेठच्या मोटारीला भोक पाडू?"

मोतीबाई म्हणाली, "शेठला इचारते." शेठ बागेत आरामखुर्चीत गुडघ्याला तेल चोळत बसला होता. तिचं बोलणं ऐकून तो हसला. "माझा गुडघा गेला, गाडीचा तळ जाऊ दे. पाड भोक."

गजानं दोन्ही बाजूंच्या लोखंडी पट्ट्या तशाच ठेवून मधला तळ कापला, तेलाच्या पिंपाचा पत्रा वाकवून त्याची खोलगट पाटी केली आणि खालून जोडली. पाटी जमिनीला इतकी जवळ, की खालून मूठ जाईना, नुसता पंजा आडवा जाई. मग पाठ मागं लवंडवली, आरामखुर्चीसारखी. पाठ लवंडली तसे पाय पुढं गेले, आणि गुडघे चाकाला भिडले. गजानं स्टीअरिंगचा दांडा खाली ओढला, चाक थेट पोटाशी आणलं. असं एकाला ओढलं की दुसरं अडायचं.

बसायला काय घालायचं? गादी घातली की पुन्हा चार बोटं वर. पत्र्यावर उघडं बसलं तर घाटातला एकेक दगड पाठीला लागणार. मोतीबाईनं विचार केला आणि घरी जाऊन सासऱ्याची, बुधाजीची, नवारीची खाट उसवली. ती रुंद पट्टी तिनं सीटच्या लोखंडी चौकटीला खाटेसारखीच विणली, फक्त सैल, मुद्दाम झोळ ठेवून. माणूस बसला की झोळ पाटीत उतरायचा आणि कमरेला दोन्हीकडून आवळून धरायचा.

बुधाजी ओट्यावर बसून सगळं बघत होता. "मी निजू कुठं?"

"घोंगडीवर निजा चार दिस, मामंजी."

"सून खाट नेती, न मी घोंगडीवर. बरं हाय. मोटार निजंल माझ्या नवारीवर."

पुन्हा मोजलं. मोजायचं ते चांगोच्याच हातानं, हा मोतीबाईचा हट्ट. उद्या बाईच्या लहान हातानं मोजलं असं कुणी म्हणायला नको. दोन बोटं कमी पडली. गजानं कपाळाला हात लावला. "आता खाली रस्ताच हाय, वयनी. रस्ता कापू?"

मोतीबाई चांगोच्या डोक्याकडं बघत राहिली. चांगोचे केस दाट, कुरळे, टोपाच्या आत गवताच्या पेंढीसारखे दबलेले. टोप डोक्यावर नव्हे, केसांवर बसला होता.

"नाय," चांगो तिची नजर ओळखून म्हणाला. "ते नाय व्हायचं, मोते. बाप जिता हाय माझा."

"बापाला मी सांगते."

"काय सांगशील? बाप जिता असताना डोई करतात का कुनी?"

"शर्यत जिती हाय का नाय? मग बसा खाली."

फाट्यावरच्या न्हाव्यानं आधी विचारलं, "कोन गेलं?" कुणी नाही म्हटल्यावर त्यानं वस्तरा खाली ठेवला. मोतीबाईनं तो उचलून त्याच्या हातात परत दिला. डोई झाली. टोप खाली बसला. दोन बोटं भरली, वर केसभर जागा राहिली.

घरी आल्यावर बुधाजीनं तुळतुळीत डोक्याचा मुलगा दारातून वाकून आत येताना पाहिला, आणि तोंडातली तंबाखू तशीच राहिली.

"कोन मेलं रं?"

"कोन नाय, बा."

"मग मी मेलो काय? मेलो आसंन तर सांगा की. मलाच कळू नये?"

"मामंजी, टोप बसत नव्हता," मोतीबाई म्हणाली.

"टोपासाठी बाप मारला!" म्हातारा उठला. "खाट नेली. पोराचं डोकं नेलं. आता ही तंबाकूची चंची उरली हाय, ही पन टाका मोटारीत." मग तो चांगोच्या जवळ गेला. मुलगा वाकला, तेव्हा त्याच्या उघड्या डोक्यावरून म्हाताऱ्यानं हात फिरवला. कधी लहानपणी फिरवला असेल तसा. "चढ आता तो घाट," तो म्हणाला. "फुकट मरनार नाय मी."

आणखी दोन अडचणी निघाल्या. पहिली रस्त्याची. इतक्या खालून चांगोला आधी नुसते आंब्याचे शेंडे दिसले, आणि तो बागेच्या टोकाला पेंढ्याच्या उडवीत घुसला. मग त्याला उमगलं, की चाकाच्या वरून बघायचं सोडून चाकाच्या आतून, दांड्यांच्या मधून बघायचं. मोतीबाई वाटेवर पितळी तांब्या ठेवून एकेक पाऊल मोटारीकडं सरकवायची. "दिसतोय?" "दिसतोय." "आता?" "गळा दिसतोय." "आता?" "गेला." बोनेटच्या पुढं एक बैल आडवा मावेल एवढीच जागा आंधळी होती. त्याच्या पलीकडं तांब्याचा पोचासुद्धा तो सांगायचा.

त्या दिवशी बागेला फेरा मारून आल्यावर चांगो मोटारीतूनच म्हणाला, "आधी मोटारीवर बसल्यागत वाटायचं गं. वाऱ्यानं मान मोडायची, चाकाला लोंबकळत वळायचो. आता मोटार नेसल्यागत वाटतंय."

दुसरी अडचण म्हणजे, त्याला उठता येईना. आत जाताना पाय पुढं सोडून घसरायचं, ते जमत होतं. पण झोळ कमरेला धरून ठेवायचा, चाक पोटाशी, गुडघे दोन्हीकडं अडकलेले. उठायला टेकू म्हणून काही नाही. गजानं एक हात धरायचा, मोतीबाईनं दुसरा, आणि दोघांनी एकदम ओढायचं. ते एकदम ओढणं त्या दोघांनाच साधलं. शेठच्या माळ्यानं एकदा करून बघितलं, तर तोच आत पडला.

"वयनी, ह्यो काय पायजमा शिवलास," गजा म्हणाला. "घालता येतो, काढता येत नाय."

"काढायचा कशाला? घाट चढूस्तोवर काढायचाच नाय."

शर्यतीच्या दिवशी घाटाच्या तोंडाशी माणसांची जत्रा होती. ठाकुरवाडीकडून डोंगर उतरून आलेली माणसं कठड्यावर बसली होती. रेघेच्या थोडं पुढं, डोंगराच्या अंगाला, तुमचा पांढरा मांडव, तुमचं टेबल, तुमचा चहा. टेबलाशी भाचा उभा, पांढरे हातमोजे घालून तयार. रस्ता जुना, अरुंद. एकीकडं डोंगर, दुसरीकडं दरी. मोटारी एकामागं एक लागलेल्या, सगळ्यांत पुढं, खडूच्या रेघेवर, लाल मोटार. इंजिन चालू.

साहेब आला, इकडंतिकडं बघू लागला. "ड्रायव्हर कुठाय?"

"ह्यो काय," मोतीबाई म्हणाली.

साहेब वाकला. खोल आत, चाकाच्या मागं, त्याला चांगो दिसला. कठड्यावरची माणसं खिदळली. मोतीबाईनं चांगोचा हात वर घेतला, कोपर कमानीला लावलं. बोटांची टोकं टोपाला टेकली. "एक हात," ती म्हणाली. "मोजून घ्या."

साहेबानं टोपाला टेकलेली बोटं पाहिली. मग मोठ्यानं हसला. त्यानं आपला पंजा आडवा धरून दाखवला. "अहो बाई, आमच्यात हात म्हणजे हा! चार बोटं! चार बोटं सांगितली होती मी!" मांडवात सगळे हसले. भाचा तर हसून वाकला.

चार बोटं. उसवलेली खाट, घोंगडीवर कुडकुडणारा म्हातारा, कापलेला तळ, बाप जिता असताना डोई केलेला नवरा. सगळं चार बोटांसाठी. मोतीबाईनं एकदा चांगोकडं पाहिलं. तो चाकाच्या आतून रस्त्याकडं बघत होता, वळणाकडं. तो अजून घाटातच होता. साहेब हसत टेबलाशी परतला होता, ती तिथं गेली.

"म्हंजे चार बोटांपरीस जास्तच खाली हाय. मग सोडा."

साहेबाचं हसू थांबलं. तो तुमच्या खुर्चीकडं वळला, इंग्रजीत कुजबुज झाली, तुम्ही कपावरून मान हलवलीत, आणि तो परत आला. "इतक्या खालून रस्ता दिसणार नाही. धोका आहे. गाडी ठीक आहे, ड्रायव्हर बदला."

खालून, मोटारीच्या पोटातून, चांगोचा आवाज आला. "साहेब, डाव्या बुटाची नाडी सुटलीया तुमची. टेबलाच्या पायाला अडकलीया ती. पडाल."

साहेबानं खाली पाहिलं. नाडी सुटली होती, टेबलाच्या पायाला अडकली होती. कठड्यावरून अशी शिट्टी आली, की साहेबाचे कान लाल झाले.

"नाही म्हणजे नाही! बाहेर काढा त्याला!"

सोलीशेठ काठी टेकत पुढं आला. तुमच्या माणसांबरोबर त्याचं उठणंबसणं होतं. त्यानं खालच्या आवाजात म्हटलं, "चांगो, जाऊ दे बाबा. पुढल्या वर्षी बघू."

"शेठ," चांगो म्हणाला, "किल्ली माझ्यापाशी हाय. ह्या येळी मी ती देत नाय."

तुमची दोन माणसं आली, चांगोच्या काखेत हात घालून ओढू लागली. चांगोनं अंग सैल सोडलं. झोळ खाली बसला, त्यानं कमर धरली. माणसं ओढत होती आणि मोटार हलत होती, चांगो हलत नव्हता. एकाची टोपी आत पडली. चांगोनं ती झटकून परत दिली. मागच्या मोटारी भोंगे वाजवू लागल्या. बाजूनं जायला जागा नाही, मागं सरायला जागा नाही. लाल मोटार रेघेवर गुरगुरत उभी.

"ए, तू मेकॅनिक ना?" साहेब गजावर खेकसला. "काढ त्याला!"

"माझी कंबर धरलीया, साहेब," गजा कठड्याला टेकून म्हणाला. "कालपास्नं."

मग तुम्ही स्वतः, अध्यक्षसाहेब, उठलात. खुर्ची सोडून, कप ठेवून, पहिल्यांदाच उन्हात आलात. आणि मोतीबाईला म्हणालात, "बाई, समजूतदार दिसता. त्याला बाहेर यायला सांगा. शर्यत अडलीय."

"येतील की," मोतीबाई म्हणाली. "मी ह्यो हात धरीन, गजाभावजी तो धरतील, उचलून तुमच्या टेबलावर ठेवू. पन आधी मला एक सांगा." तिनं पदर खोचला आणि आपला उघडा हात, कोपरापासून बोटांपर्यंत, तुमच्या तोंडासमोर धरला. "डोकं वर होतं तवा म्हनालात, खाली घ्या. खाली घेतलं, तर म्हनालात, लईच खाली हाय. रस्ता दिसत नाय म्हनालात, तर मानसानं तुमची नाडी दाखीवली. हात म्हनालात, मग बोटं म्हनालात. आमी खाट दिली, केस दिलं, मोटारीचा तळ दिला. अजून खाली जायाचं तर सांगा, रस्ता खनतो. वर यायाचं तर सांगा, आत्ता गादी घालतो. पन एकदा, सगळ्यांच्या म्होरं, सरळ सांगा, साहेब: ह्या मोटारीत बसाया डोकं नेमकं कुठं लागतं? का डोकं कुठंबी चालतं, फकस्त ते आमचं नसावं लागतं? बोला."